हवा काढली, पण शिरली कुठून?

पावसाळ्यात पत्रं येतात ती बॅटरीची, सेल्फची, गंजलेल्या बोल्टांची. टोळ्या उसाच्या फडात उतरल्या की मात्र एकच ओरड सुरू होते : "मेस्त्री, इंजिन चालू होईना, एअर घेतलंय." म्हणून या वेळचं सगळं सदर डिझेलच्या लाइनीत अडकणाऱ्या हवेलाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न : नदीकाठाला आमचं पाच एचपीचं जुनं पाण्याचं इंजिन आहे. थ्री फेज कधी रात्री येतं, कधी पहाटे, म्हणून ते मोडीत काढलं नाही. परवा उसाला पाणी लावून जरा डोळा लागला आणि टाकी कोरडी पडून इंजिन बंद झालं. डिझेल ओतलं, हँडल मारून मारून खांदे गेले, पण साधा ठोकासुद्धा देईना. गावातला मेस्त्री दोन दिवसांनी येतो म्हणतोय. माझं मला करता येईल का?
— एक शेतकरी, कारदगा

येईल की. पाण्याच्या इंजिनाची हवा काढायला मेस्त्रीची वाट बघायचं कारण नाही. मेस्त्री लोकांना हे लिहिलेलं आवडणार नाही, पण त्यांना दुसरी कामं भरपूर आहेत.

आधी ठोका का देत नाही ते समजून घ्या, म्हणजे हातून उलटंसुलटं होणार नाही. तुमच्यासारखं पाच घोड्यांचं, 1500 फेऱ्यांचं इंजिन पुऱ्या लोडवर तासाला साधारण एक-सव्वा लिटर डिझेल खातं. चार स्ट्रोकचं इंजिन म्हटल्यावर दोन फेऱ्यांना एक फवारा, म्हणजे मिनिटाला 750 फवारे, तासाला 45,000. हिशोब करा, एका फवाऱ्याच्या वाट्याला थेंबाच्या निम्म्याएवढंही डिझेल मुश्किलीनं येतं. एवढंसं डिझेल पंप दाबतो आणि दाब 200 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास गेला की मगच नोझलची, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोंडाची, सुई उचलते. डिझेल दाबून आक्रसत नाही म्हणून हे जमतं. हवा आक्रसते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून धरा आणि दांडा मारा, दांडा खाली जातो आणि सोडला की परत वर येतो. तुमच्या लाइनीत तेच चाललंय : पंपातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, वर आला की बुडबुडा दबतो, खाली गेला की फुगतो, आणि सुई जागची हालत नाही. थेंबाएवढा बुडबुडासुद्धा पुरतो. मग तुम्ही हँडल मारा नाहीतर चार पैलवान आणून मारायला लावा.

आता काम. तुमच्या इंजिनाची टाकी वर आहे, डिझेल आपल्या वजनानं खाली येतं, म्हणजे निम्मं काम फुकटात झालं. टाकी निदान अर्धी भरा, कॉक पूर्ण उघडा. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन-तीन आटे सैल करा. काढून हातात घेऊ नका, गवतात पडला की दिवस जाईल. आधी फसफस येईल, मग फेस, मग बुडबुडे आणि मग सरळ धार. धार लागली की वाहत असतानाच आवळायचा, थांबल्यावर नाही. तसंच पंपाच्या अंगावरच्या एअर स्क्रूचं. काही पंपांना तो नसतो, तिथं पंपात शिरणाऱ्या पाइपाचा बोल्टच थोडा सैल करायचा. टाकीकडून नोझलकडं, याच क्रमानं जायचं. उलट्या क्रमानं गेलात तर मागची हवा पुढं येऊन बसते आणि केलेलं काम वाया.

मग शेवटचा टप्पा, जाड लोखंडी पाइप. नोझलच्या बाजूचा नट एक आटा सैल करा. पंपाची दांडी चालूच्या जागी आहे ना बघा. बंदच्या जागी ठेवून हँडल मारणारे माझ्याकडं दर हंगामात येतात. डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडणारी दांडी) उचलून हँडल फिरवा. नटातून डिझेल थुंकल्यासारखं उडायला लागलं, बुडबुडे नाहीत, की नट आवळा आणि परत फिरवा. आता कान द्या. नोझलमधून प्रत्येक फेरीला 'कर्र, कर्र' असा आवाज आला पाहिजे. नोझल बोललं म्हणजे हवा गेली. लिव्हर सोडा, इंजिन धरेल. नट सैल असताना हात आणि तोंड लांब ठेवा, आणि विडी ओढणाऱ्याला बांधाच्या पलीकडं बसवा.

तुमच्या पत्रातलं पट्टी गुंडाळण्याचं एक वाक्य मी वर कापलं, तरी उत्तर देतो. पाइपाच्या तोंडाला टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपात जातात आणि पंप प्लंजरच्या त्या बारीक फटीत असला कचरा सहन करत नाही.

प्रश्न : आमचा पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आहे, उसाची डबल ट्रॉली ओढतो. रोज सकाळी सेल्फला चालू होतो, दोन-तीन मिनिटं चालतो आणि गचके देऊन बंद. हातपंप मारून हवा काढली की दिवसभर ठीक. दुसऱ्या दिवशी परत तेच. तीन मेस्त्री झाले, तिघांनी हवा काढली, पैसे घेतले. एकजण म्हणतोय पंप बेळगावला नेऊन खोलायला पाहिजे. डिझेल तर कुठंच गळत नाही. काय करू?
— एक वाचक, संकेश्वर

पंप खोलू नका. हा माझा पहिला आणि मोठ्या अक्षरात घ्यायचा सल्ला. पंप खोलून टेस्ट बेंचवर चढवायचा खर्च मोठा आणि तुमचं दुखणं तिथं नाही.

तिघांनी हवा काढली, पण ती शिरते कुठून हे एकानंही बघितलं नाही. लाइन गच्च बंद असेल तर एकदा काढलेली हवा परत यायला जागाच नाही. आली, म्हणजे भोक आहे. आणि तुम्ही जे लिहिलंय, "डिझेल तर कुठंच गळत नाही," तिथंच सगळे फसतात. टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलतो तो छोटा फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढण्याची, तिथून पुढची ढकलण्याची. ढकलण्याच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकतं, दिसतं. ओढण्याच्या बाजूला पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. जमीन कोरडी, पाइप कोरडा, आणि इंजिनाच्या पोटात बुडबुडे. गळत नाही म्हणूनच मला ओढण्याच्या बाजूचा संशय येतो.

तुमच्याकडं दोन शक्यता मिसळल्यासारख्या वाटतात. रात्रभर उभा राहिल्यावर त्रास, दिवसभर नाही, याचा अर्थ रात्री लाइनीतलं डिझेल हळूहळू मागं टाकीत उतरतं. फीड पंपात दोन छोटे वॉल्व्ह असतात, डिझेल मागं जाऊ नये म्हणून. त्यांच्याखाली चिमूटभर कचरा अडकला तरी ते बसत नाहीत. पण नुसते वॉल्व्ह गळून डिझेल मागं जात नाही, त्याच्या जागी हवा यायला कुठंतरी वाट लागते. म्हणजे भोकही आहे. आधी भोक, मग वॉल्व्ह.

शोधायचं असं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. स्वच्छ म्हणजे औषध फवारणीचा नव्हे. बॉनेटच्या उंचीला बांधा, त्यातून एक चांगली नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. टाकीकडून येणारी लाइन सोडून, तिचं तोंड चिंधीनं बंद करून ठेवा. हवा काढा, चालू करा, रात्रभर असाच उभा ठेवा. सकाळी चालू होऊन दहा-पंधरा मिनिटं बिनबोभाट चालला, तर पंप, फिल्टर, नोझल सगळं निर्दोष. रोग टाकी ते फीड पंप या हात-दीड हातात आहे. तरीही बंद पडला, तर फीड पंप आणि फिल्टर बघायचे.

या हात-दीड हातात आणि त्याच्या आसपास मी काय काय बघतो ते सांगतो. पहिलं, रबरी नळी. वरून बघाल तर झक्क दिसते. क्लिप सोडा आणि नळीचं टोक बोटांनी वाकवा. क्लिपच्या खाली, जिथं रोज दाब बसतो, तिथं रबराला केसाएवढी चीर असते. वाकवल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. क्लिपच्या जागी बांधायची तार पिळून लावली असेल तर चीर आहेच समजा, तार रबर कापते. दुसरं, कचरा साठणारी खालची काचेची वाटी. तिच्या तोंडाला रिंग असते, वाटी घाईत फिरवून बसवली की रिंग पिळते. तिसरं माझं आवडतं. फिल्टर बदलताना जुनी रिंग डोक्याला चिकटून राहते, वरून नवी बसते. दोन रिंगा एकावर एक, आणि माणूस म्हणतो नवा फिल्टर टाकल्यापासूनच त्रास सुरू झाला. खरंच म्हणत असतो बिचारा. चौथं, हातपंपाची मूठ. काही पंपांना ती आटे सोडून वर ओढायची असते आणि काम झाल्यावर दाबून परत आवळायची असते. तुमच्याकडं रोज हातपंप मारला जातोय. रोज आवळला जातोय का?

डोळ्यांनी बघायचं असेल तर फीड पंपाच्या अलीकडं वीतभर सलाइनची नळी टाका आणि इंजिन चालू असताना बघत राहा. बुडबुडे माळेसारखे येताना दिसतात. माझ्याकडचा पोरगा रायबाग तालुक्यातला, घरी कानडी बोलणारा. असे बुडबुडे थांबले की "गाळी होत्री!" (हवा गेली हो!) म्हणून ओरडतो आणि शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्यांनाही कळतं काम झालं. ही नळी तपासणीपुरतीच. डिझेलनं ती काही दिवसांत कडक होते आणि तडकते. कायमची लावलीत तर एक भोक बुजवून दुसरं पाळल्यासारखं होईल.

टाकीच्या झाकणाचंही बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, फीड पंपाला डिझेल ओढवत नाही आणि तास-अर्ध्या तासानं इंजिन मान टाकतं. लोक हवा समजून नट सैल करत बसतात. तुमचा त्रास सकाळचा आहे, त्यामुळं तुमचं हे नसावं. पण ज्यांचा ट्रॅक्टर भर कामात बंद पडतो त्यांनी आधी झाकण उघडावं. 'फुस्स' आवाज येऊन लगेच चालू झाला, तर एका टाचणीनं काम झालं.

आणि निपाणीकडून ऊस घेऊन येत असाल तर तवंदी घाट आहेच. टाकी पाव भागाच्या खाली असताना चढाला लागलात की डिझेल मागं सरकतं, आतला पाइप उघडा पडतो आणि घोटभर हवा ओढतो. भर घाटात, मागं डबल ट्रॉली, त्याच्या मागं बंगळूरचे ट्रक. हवा काढायला याहून वाईट जागा मला माहीत नाही. संध्याकाळीच टाकी भरून ठेवा. रात्री रिकाम्या टाकीत दव धरून जे पाणी होतं, तेही टळतं.

प्रश्न : मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक ट्रेडला आहे. सर म्हणाले, पहिल्या डिझेल इंजिनात हवेनंच डिझेल आत ढकलत होते. मग आपण हवा का काढतो? मित्र म्हणतात सर थट्टा करत होते.
— एक विद्यार्थी, बेळगाव

सर बरोबर आहेत. मित्रांना चहा द्यायला लाव.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला चाचणीत पास झालं. इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांच्या वर कामाला लागली आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानानं ते फारच होतं. पण इंधन बारीक फवारून आत घालील असा पंप तेव्हा कुणाकडं नव्हता. मग त्यांनी इंजिनालाच एक कॉम्प्रेसर जोडला आणि दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन सिलिंडरात फुंकलं. चाललं, पण कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाच्या गळ्यात अडकवलेलं दुसरं इंजिन. जहाजावर, कारखान्यात ठीक, गाडीवर बसवायचं कसं? नुसत्या दाबानं डिझेल फवारणारा, रोज काम देणारा पंप बॉश या जर्मन कंपनीनं 1927 साली मोठ्या संख्येनं बनवायला घेतला आणि मग ट्रक, ट्रॅक्टर, सगळीकडं डिझेल शिरलं. तेव्हापासून लाइनीतली हवा ही शत्रू झाली, कारण आता सगळा खेळ डिझेल दाबून न आक्रसण्यावर आहे. सिलिंडरात मात्र हवा लागतेच. ती दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. परीक्षेत दोन्ही हवांची गल्लत करू नकोस.

आपल्या भागात म्हातारे मेस्त्री पंपाला सरसकट 'मायको' म्हणतात ते 1951 साली स्थापन झालेल्या, बंगळूरच्या मायको या पंप बनवणाऱ्या कंपनीमुळं. पुढं 2008 ला तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजात कोण ऐकतंय. तसंच पाण्याचं इंजिन कुठल्याही कंपनीचं असो, ते 'किर्लोस्कर'. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, 1888 साली बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, पुढं नांगर आले आणि 1910 ला किर्लोस्करवाडी. तू ज्या गावात पाना धरायला शिकतोयस, त्या गावाचा हा इतिहास सरांना विचार, त्यांना जास्त माहीत असेल.

प्रश्न : माझा मुलगा भात मळणीचं इंजिन चालवतो. हवा काढताना नोझल बाहेर काढून हातावर फवारा धरून बघतो. म्हणतो, बोटाला लागला की कळतं नोझल चांगलं आहे. मला भीती वाटते. तो म्हणतो आई, तुला काय कळतंय.
— एक माउली, ता. खानापूर

अक्का, तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतंय. हे उत्तर त्याला वाचून दाखवा.

नोझलमधून सुटणारा फवारा 200 बार दाबाचा. तो कातडी भेदून आत जातो. बाहेर काय दिसतं? टाचणी टोचल्यासारखा ठिपका. रक्त नाही, पहिल्यांदा फारसं दुखतही नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो. डिझेल आत बोटाच्या पोकळीतून पसरत राहतं. काही तासांत बोट सुजून ठणकायला लागतं, आतलं मांस मरायला लागतं. उशीर झाला की बोट जातं, कधी त्याहून जास्त. हे मलमाचं काम नाही, पट्टीचं नाही, शस्त्रक्रियेचं आहे, आणि तेही त्याच दिवशी. असं कधी झालंच तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा : "दाबाखालचं डिझेल कातडीच्या आत गेलंय." नुसतं "काहीतरी टोचलंय" म्हणालात तर टीटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

फवारा बघायचाच असेल तर पुठ्ठ्यावर बघावा, हातभर लांबून. त्याहून चांगलं म्हणजे नोझल पंप दुरुस्तीवाल्याकडं न्यावं, त्याच्याकडं दाब दाखवणारं घड्याळ लावलेलं हातमशीन असतं.

आणि जाता जाता, तो कॅनमधून डिझेल काढताना नळी तोंडानं ओढत असेल तर तेही बंद करा. घोट पोटात गेला तर एकवेळ निभावतं, पण ठसका लागून फुप्फुसात उतरला तर जिवावर बेततं. असं झाल्यास उलटी काढायला लावू नका, उलटीबरोबर डिझेल परत छातीत जाण्याचा धोका असतो. लगेच डॉक्टरकडं न्या. हाताचा पिचकारी पंप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

प्रश्न : माझी पिकअप बीएस सहा आहे. डिझेल संपून बंद पडली होती. जुन्या जीपसारखे नोझलचे नट सैल करून हवा काढली तर चालेल का?
— एक वाचक, येळ्ळूर

अजिबात नाही. तुमच्या गाडीला कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून सतत दाबाखालचं डिझेल, आणि तिथं दाब 1600 बार आणि वर. मागच्या उत्तरातला फवारा आठपट करा आणि विचार करा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या सगळ्याच नव्या डिझेल गाड्यांना हात लावताना हे ध्यानात ठेवा, आणि 2023 पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही. तिथं धुराचे नियम (तुमच्या गाडीचं 'बीएस सहा' तेच) बदलले तसे पंपही बदलले.

फिल्टरजवळ हातानं दाबायचा रबरी गोळा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी नुसती ऑनला न्या, थोडं थांबा, बंद करा, असं काही वेळा करा, मग सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती. तरी चालू झाली नाही तर शोरूमला फोन. या पंपांना वंगण डिझेलचंच असतं, कोरडे फिरले की आतलं लोखंड घासून त्याचा चुरा नोझलपर्यंत जातो आणि मग बिलाचा आकडा बघून तुम्हाला जीपची आठवण येईल. काटा पाव टाकीवर आला की पेट्रोल पंपावर वळायचं, दुसरा उपाय नाही.

प्रश्न : इंजिन गचके देतं. हवा आहे की पाणी, ओळखायचं कसं?
— एक वाचक, सदलगा

फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल करून थोडं डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. डिझेल नुसतं गढूळ दिसलं तरी पाण्याचाच संशय घ्या. हवा असेल तर बाटलीत काहीच सापडणार नाही.

कोगनोळीच्या अलीकडं, म्हणजे कर्नाटकात, डिझेल स्वस्त असेल तेव्हा महाराष्ट्रातल्या कागलकडूनही माणसं कॅन भरून न्यायला येतात. त्यांचे आणि आपलेही कॅन मी बघतो. कशात तेल, कशात कीटकनाशक, कशात पावसाचं पाणी. निम्मं 'एअर' या कॅनांतून येतं. ओतताना चाळणीच्या नरसाळ्यावर जुनं सुती धोतर धरा आणि कॅनच्या तळाचं बोटभर डिझेल ओतूच नका.

2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेली काही इंजिनं अजून त्याच डिझेलवर ठेवलेली आहेत, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर बदला आणि नोझल काढून इंजिन हातानं सावकाश फिरवून बघा. सिलिंडरात पाणी असेल तर ते नोझलच्या भोकातून बाहेर येईल. नोझल जागेवर असताना सेल्फ माराल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : पाइपाच्या बोल्टाची तांब्याची वॉशर दरवेळी नवी घालावी का? आमचा ड्रायव्हर तीच उलटी करून घालतो.
— एक वाचक, अथणी

नवी घाला, चहापेक्षा फार महाग नसते. रानात असाल आणि मिळत नसेल तर जुनी तारेत अडकवून लालबुंद होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं लोखंडासारखं कडक होत नाही, उलट मऊ पडतं आणि परत नीट बसतं. मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासा, पुसा, घाला. खाच पडलेली असेल तर तापवूनही उपयोग नाही. उलटी करून घातलेली वॉशर ठिबकत नसली तरी ओढण्याच्या बाजूला हवा घेते, आणि अथणीहून संकेश्वरच्या त्या वाचकासारखं पत्र मला येतं. दुकानात जाताना जुनी वॉशर खिशात टाका. नुसत्या मापाच्या आकड्यावर दुकानदार शेजारची देतो, ती बोल्टात जाते पण बसत नाही.